अडतं ते पडद्यापाशी

'दुर्बिणीतून फुफ्फुसात झडप बसवायची एवढंच, मग एम्फिसीमाच्या सगळ्याच रुग्णांना का नाही बसवत?' हा प्रश्न रास्त आहे. एम्फिसीमा म्हणजे फुफ्फुसातले हवेचे कप्पे खराब होऊन हवा आत अडकून राहण्याचा आजार. झडप हवा बाहेर सोडते, आत घेत नाही. त्यामुळे फुफ्फुसाचा फुगून बसलेला खंड (भाग) आक्रसतो आणि बऱ्या भागाला जागा मिळते. पण दोन खंडांमधला पडदा अर्धवट असला तर शेजारून हवा मागच्या दाराने शिरतच राहते. म्हणून आधी सीटी स्कॅन, आणि बरेचदा श्वासनलिकेची ती शाखा फुग्याने बंद करून तिथून येणारी हवा हळूहळू थांबते का, हे पाहतात.

'टाके नाहीत म्हणजे धोका नाही' हे मात्र अजिबात पटलं नाही. साधारण चारातल्या एकाला न्यूमोथोरॅक्स होतो, म्हणजे फुफ्फुसाबाहेर छातीत हवा साठून फुफ्फुस दबतं, बहुतेकदा पहिल्या 3 दिवसांतच. तेव्हा लगेच घरी जायचा हट्ट नको. नाहीच जमलं तर झडप काढता येते, ही जमेची बाजू.