मिरी म्हणून घेतलेला वेल, अडीच वर्षांत एक घोस नाही

गॅलरी_कोथरूड

एका रोपवाटिकेतून "काळी मिरी" म्हणून आणलेला वेल आहे. १२ इंची कुंडी, तिसरा मजला, पूर्वेची गॅलरी, सकाळी साडेनऊपर्यंत ऊन. वेल ग्रिलवरून बाहेर सहा-सात फूट लोंबतोय. पानं गडद हिरवी, जाडसर, टोकाला निमुळती, देठाजवळून निघणाऱ्या ५ ते ७ शिरा. पेरापेराला बारीक मुळं. अडीच वर्षं झाली, फूल नाही की फळ नाही. हल्ली नवीन पानं पिवळी येतायत, शिरा मात्र हिरव्याच. सोसायटीत बोअरचं पाणी आहे.

प्रश्न दोन. ही मिरीच आहे ना? आणि असली तर धरत का नाही?

हिरवा_चष्मा

आधी पान चावून बघायचा मोह आवरा. "मिरी" म्हणून मनीप्लांट किंवा सिंगोनियम गळ्यात पडणं नवीन नाही, आणि त्या दोन्हींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात. घसा धरून बसाल.

देठ मोडा. पांढरा चीक आला तर सिंगोनियम. देठाला पन्हाळीसारखी खाच आणि कडेला पातळ पापुद्रा असेल, पानात मधे एकच ठळक शीर असेल तर मनीप्लांट. तुम्ही सांगताय तशा बुडातून फाकणाऱ्या शिरा या दोघांत नसतात, त्या मिरीच्या कुळातल्या.

आता कुळातलं कोण, ते. नागवेलीचं पान पातळ, मऊ, पिवळसर छटेचं आणि बुडाला हृदयासारखी खोल खाच असलेलं. चुरगाळलं की विड्याचा वास लगेच सुटतो, तिथे चुकायला वाव नाही. मिरीचं पान चामड्यासारखं, वरून गडद, खालून फिकट, बुडाला गोलसर, वास मंद. पिंपळीत एकाच वेलावर दोन तऱ्हेची पानं दिसतात, खालची देठाची आणि रुंद, शेंड्याकडची बिनदेठाची, खोडाला मिठी मारलेली. शिवाय ती चढण्यापेक्षा जमिनीवर पसरते, आणि तिचा घोस उभा असतो, मिरीचा लोंबता.

गॅलरी_कोथरूड

चीक नाही, खाच नाही, विड्याचा वास तर अजिबात नाही. सगळी पानं देठाची.

सह्याद्री_उतार

मग मिरीच. रोपवाटिकेनं फसवलेलं नाही, फक्त अर्धीच गोष्ट सांगितली.

मिरीच्या वेलाला वेगवेगळ्या स्वभावाच्या फांद्या असतात. बुडातून जमिनीवर सरपटणारी धाव-फांदी, जिला बागायतदार सरळ रनर म्हणतात. आधाराला मुळांनी चिकटून वर जाणारं मुख्य खोड. आणि त्या खोडाच्या पेरांतून बाहेर आडव्या निघणाऱ्या फळफांद्या. घोस येतात ते या फळफांद्यांवर, पानाच्या बरोबर समोरच्या बाजूला. फळफांदी ओळखायची खूण सोपी, तिच्या पेरांना चिकटमुळं नसतात.

विकायची रोपं बहुतेक रनरच्या २-३ पेरांच्या छाटापासून करतात. असं रोप आधारावर चढलं तर तिसऱ्या वर्षापासून धरायला लागतं. तुमचा वेल मात्र चढलेलाच नाही, लोंबतोय. लोंबता वेल नुसता लांबत जातो, फळफांद्या काढत नाही. दहा वर्षं लोंबवलात तरी टांगती शोभाच.

उपाय असा. ४ इंची पीव्हीसी पाइप घ्या, साडेचार-पाच फुटांचा. त्यावर काथ्याची दोरी फट न ठेवता गच्च गुंडाळा. कुंडी १६ इंची करा, पाइपचा खालचा एक-सव्वा फूट विटांच्या तुकड्यांनी पक्का बसवा. पावसाळ्यात भिजलेला काथ्या आणि वेल मिळून वजन बरंच होतं, सैल पाइप कलंडतो. वेलाचा पानं झडलेला खालचा भाग कापून टाकू नका. त्याचं वेटोळं करून पाइपभोवती मातीत दोन-तीन इंच खोल दडपा, फक्त शेंड्याकडचा दीड-दोन फूट वर राहू द्या. दडपलेल्या प्रत्येक पेराला मुळं फुटतात. वरचा भाग दर पेराला सुतळीनं सैल बांधा, मुळांची बाजू काथ्याकडे. काथ्या ओला असेल तरच मुळं धरतात, म्हणून पाणी कुंडीत घालताना पाइपच्या माथ्यावरूनही ओता. वेल टोकाला पोचला की शेंडा खुडा, जोर आडव्या फांद्यांकडे वळतो.

उरलेल्या लोंबत्या भागाचे २-३ पेरांचे तुकडे करा, खालचं पान काढून एक पेर मातीत जाईल असे लावा. हे काम जूनमध्येच. एप्रिलात पुण्याच्या हवेत छाट मुळं फुटायच्या आधी वाळतात.

आणि जागा कमी असेल तर या खटाटोपापेक्षा झुडूप मिरी लावा, असं माझं स्पष्ट मत. ओळखीच्या कुणाकडे, कोकणात सुपारीवर वगैरे, धरता वेल असेल तर वर्षभराच्या फळफांदीचे ३ ते ५ पेरांचे छाट आणा. त्यापासून होणारं रोप चढतच नाही, कुंडीत झुडूप होतं आणि बहुधा पुढच्याच पावसाळ्यात घोस काढतं. मुळं फुटायला मात्र ही फांदी आळशी. आयबीए या मुळं फुटवणाऱ्या संप्रेरकाच्या १००० पीपीएम द्रावणात बूड पाऊण मिनिट बुडवा, ओलसर काथ्याच्या भुशात खोचा, सगळं जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि सावलीत ठेवा. महिनाभर पिशवी उघडायची नाही. रोज उघडून "फुटलं का" बघणाऱ्याचे छाट सडतात.

नवी_सांगवी

याच धाग्यात विचारतो. कलम केलेली बुश पेपर आणली होती. आता बुडातून तीन जोमदार फुटवे आलेत, पानं लांबट, फिकट. वरची जुनी पानं गळतायत. जोम म्हणून ठेवू का?

सह्याद्री_उतार

अजिबात नाही, आजच काढा. तो खुंट आहे, म्हणजे कलमाखालचं मुळांचं झाड, मिरी नव्हे. पायपर कोलुब्रिनम, मूळ दक्षिण अमेरिकेतलं. मुळांच्या सडीला दाद देत नाही म्हणून त्यावर मिरी बांधतात. खुंट मोकळा सुटला की सगळा रस स्वतःकडे ओढतो आणि वरची मिरी उपाशी मरते. कात्रीनं वरवर छाटू नका, तिथून पुन्हा दोन फुटतात; जोडाच्या खालचा प्रत्येक फुटवा कोवळा असताना बुडातून हातानं मोडा. आणखी एक, हा खुंट मुळात पाणथळ जागेतला. साध्या मिरीची कुंडी एक दिवस कोरडी राहिली तर ती सोसते, ही पानं टाकते. तुमची पानगळ त्यामुळेही असेल.

स_पेठ

वरचं बहुतेक बरोबर. पण पाणी आणि माती यावर कुणीच बोललं नाही, आणि पुण्यात मिरी मरते ती तिथेच.

कोथरूडकर, कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या म्हणजे लोहाची कमतरता. कुंडीत लोह नसतं असं नाही, बोअरच्या क्षारांनी माती अल्कधर्मी होते आणि मुळांना ते उचलता येत नाही. मिरीला साडेपाच ते साडेसहा सामू (पीएच) लागतो. चिलेटेड लोह (मुळांना उचलता येईल अशा रूपातलं) पाकिटावरच्या प्रमाणात द्या, दोन-तीन आठवड्यांत नवीन पान हिरवं येईल. पण पाणी तेच राहिलं तर दुखणं परत. निदान या कुंडीपुरतं नळाचं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी वापरा. काळी माती चिमूटभरही नको. दोन भाग लाल माती, एक भाग जाड वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. दर दोन महिन्यांनी मूठभर निंबोळी पेंड. खाली ताटली ठेवू नका.

घोस जून-जुलैत येतात. फुलं एवढी बारीक की नुसत्या डोळ्यांना घोस हिरव्या दोऱ्यासारखा दिसतो. पावसाचे थेंब घोसावरून ओघळतात तेव्हा पराग खालच्या फुलांवर पसरतो. गॅलरीला छत असेल तर त्या महिन्यात सकाळी बारीक फवारा मारा, नाहीतर दाणे तुरळक भरतात.

हिरवा_चष्मा

फुलोऱ्याआधी एप्रिल-मेमध्ये पाण्याचा ताण द्यावा म्हणतात, ते?

स_पेठ

जमिनीतल्या वेलाला ठीक. कुंडीत नको. पुण्याची मे महिन्यातली दुपार हाच पुरेसा ताण आहे. पाणी थोडं कमी करा, पण काथ्या पूर्ण वाळला की चिकटमुळं मरतात आणि वेल सुटून खाली येतो. दुपारचं ऊन लागत असेल तर ५० टक्क्यांची हिरवी जाळी.

आता मर रोग. पावसाळ्यात पानावर ओला काळा डाग, कडा पिसासारख्या पसरलेल्या, की समजा फायटोफ्थोरा, बुरशीसारखा रोगजंतू. बुडाशी पोचला तर आज टवटवीत दिसणारा वेल काही दिवसांत खाली बसतो. तेव्हा औषधाचा उपयोग नाही, आधीच करा. मेअखेर एक आणि जुलै-ऑगस्टमधल्या उघडिपीला एक, १ टक्का बोर्डोची फवारणी. एक लिटरला १० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटरात आणि १० ग्रॅम कळीचा चुना अर्ध्या लिटरात, दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यांत. मोरचुदाचं पाणी चुन्यात ओता, उलट नाही. मग घासलेल्या लोखंडी सुरीचं पातं बुडवा. तांबूस थर चढला तर तांबं जास्त आहे, पानं भाजतील. थर धरेनासा होईपर्यंत चुन्याची निवळी घाला. त्याच दिवशी वापरा. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी घालायची असेल तर तांब्याच्या औषधानंतर पंधरा दिवस थांबा, नाहीतर तीही मरते.

गॅलरी_कोथरूड

पाइप शनिवारी बसवतो. घोस आलेच तर काढायचे कधी?

सह्याद्री_उतार

जानेवारीच्या आसपास. अख्खा घोस हिरवा असताना त्यातले एक-दोन दाणे नारिंगी झाले की तो घोस काढायचा. दाणे सुटे करा, उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढा, मग आठवडाभर उन्हात. उकळत्या पाण्यामुळे रंग सारखा काळा येतो. हिरव्या दाण्यांच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश वाळलेली मिरी होते. सगळे लाल होईपर्यंत थांबलात तर बुलबुल आधी येतात.

आणि पाइप बसवताना वेल त्याच्या उत्तरेच्या बाजूनं चढवा.