उत्तर: सूर दुपारी का सरकतो

भाऊ, तुमच्या घरी बांधलेल्या अ‍ॅनालॉग सिंथेसायझरचा सकाळी जुळवलेला सूर दुपारी सरकतो म्हणून तुम्ही ऑसिलेटरची (स्वर निर्माण करणाऱ्या भागाची) आयसी, म्हणजे चिप, दोनदा बदलली. तिसरी घेऊ नका. आधी एक बघा: सगळे स्वर सारखेच सरकतात, की वरचे जास्त?

सारखेच सरकत असतील तर एक्स्पोनेन्शियल कन्व्हर्टरच्या (कळपट्टीच्या व्होल्टेजवरून स्वराची उंची ठरवणाऱ्या सर्किटच्या) दोन ट्रान्झिस्टरांचं तापमान वेगवेगळं असणार. ते पाठीला पाठ लावून, मध्ये थर्मल पेस्ट घालून बांधा. वरचे स्वर जास्त उतरत असतील तर दोष जोडीचा नाही, तो भौतिकशास्त्राचाच. ट्रान्झिस्टरचं थर्मल व्होल्टेज, म्हणजे स्वरांमधलं अंतर ज्यावर ठरतं ते तापमानावर अवलंबून असलेलं व्होल्टेज, दर अंशाला साधारण 0.33 टक्के वाढतं. 10 अंश चढले की तीन सप्तकं वरचा स्वर अर्धस्वराहून थोडा जास्त उतरतो. त्यावर उपाय 3300 पीपीएमचा टेम्पको रेझिस्टर, म्हणजे ज्याचा रोध दर अंशाला दहा लाखात 3300 भागांनी, तितकाच वाढतो तो. ट्रान्झिस्टरच्या बेसपासून (नियंत्रणाच्या पायापासून) ग्राउंडकडे जाणाऱ्या रेझिस्टरच्या जागी तो लावायचा, आणि जोडीला चिकटवूनच. लांब सोडला तर उपयोग शून्य.

आता डबा. जळगाव-भुसावळचा मे महिना, त्यात पत्र्याचा बंद डबा, आणि आत 7812, म्हणजे 12 व्होल्टचा रेग्युलेटर! 18 व्होल्ट देऊन 200 मिलीअँपिअर ओढले तर तो एकटाच 1.2 वॉट तापतो. माझाही असाच होता, वरण शिजलं असतं. रेग्युलेटर मागच्या पत्र्यावर अभ्रक घालून कसला, खाली-वर भोकं पाडली. बाजू सागवानी ठेवा हवं तर, पण पुढचं पॅनल धातूचं आणि ग्राउंडला जोडलेलं हवं, नाहीतर हात जवळ नेताच 50 हर्ट्झची घरघर.

जुळवणी मात्र अर्धा तास चालू ठेवूनच करा.