आयएसआयचे बी.स्टॅट. हुकले, आता कुठे?

प्रश्न : कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या (आयएसआय) बी.स्टॅट. या संख्याशास्त्राच्या पदवीसाठीच्या प्रवेश परीक्षेत माझी निवड झाली नाही. वर्ष वाया न घालवता, बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळू शकेल असे संख्याशास्त्राचे चांगले महाविद्यालय कोणते?

प्रतिसाद १ : पुण्याचे फर्ग्युसन किंवा मुंबईचे रुईया पाहावे. संख्याशास्त्रात पदवी घेतल्यावर आयएसआयच्या एम.स्टॅट. या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा देता येते, शिवाय 'जॅम' या आयआयटींच्या एम.एस्सी. प्रवेश परीक्षेतून मुंबई आणि कानपूर आयआयटीच्या एम.एस्सी.चे दारही उघडे असते. म्हणजे जे दार आज बंद झाले, ते तीन वर्षांनी पुन्हा ठोठावता येईल. मात्र विषय निवडताना गणित सोडू नये, कारण एम.स्टॅट.च्या परीक्षेत कलनशास्त्र (कॅल्क्युलस) आणि रेषीय बीजगणित चांगलाच कस पाहतात.

प्रतिसाद २ : वरील मताशी सहमत. मी अशाच एका महाविद्यालयात शिकलो, पहिल्या वर्षी प्रात्यक्षिकाच्या वहीत कॅल्क्युलेटरवर सहसंबंध गुणांक (दोन गोष्टींमधला संबंध मोजणारा आकडा) काढताना कंटाळा यायचा (बेरीज चुकली की सगळे पान पुन्हा!), आणि सिद्धता लिहिण्याची सवय तिथे आपोआप लागत नाही, ती घरी लावावी लागते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. उद्याच फर्ग्युसनची चौकशी करतो.