लिक्विड मेटल: एकदा लावलं की कायमचं?

तापमापी
लिक्विड मेटल म्हणजे प्रोसेसर आणि हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) यांच्यामध्ये नेहमीच्या थर्मल पेस्टऐवजी लावायचा, गॅलियम या धातूचा द्रव मिश्रधातू. ‘लिक्विड मेटल कधी सुकत नाही, एकदा लावा आणि विसरा’ हा सल्ला नव्याने संगणक बांधणाऱ्यांना सर्रास दिला जातो. मला तो चुकीचा वाटतो. पेस्टमधलं तेल उडतं तसं यात काही उडत नाही, एवढं खरं. पण गॅलियम दुसऱ्या धातूत शिरतं आणि त्याचं आयुष्य तिथे ठरतं.

हीटसिंकचा तळ उघड्या तांब्याचा असेल तर गॅलियम हळूहळू तांब्यात जिरतं आणि तांबे-गॅलियमचा राखाडी, कडक थर तयार होतो. वर उरलेल्या द्रवात इंडियम आणि कथलाचं प्रमाण वाढतं. गॅलिन्स्टन या नेहमीच्या मिश्रणाचं ठरलेलं प्रमाण साधारण ६८.५ टक्के गॅलियम, २१.५ इंडियम, १० कथील असं आहे. हे प्रमाण बिघडलं की वितळणबिंदू वर सरकतो, आणि एरवी खोलीच्या तापमानाला द्रव राहणारं मिश्रण रवाळ व्हायला लागतं. त्यात भेगा पडतात, हवा शिरते आणि प्रोसेसरमधला एखादा कोअर (स्वतंत्रपणे काम करणारा भाग) बाकीच्यांपेक्षा १५-२० अंश गरम दाखवू लागतो. लोक म्हणतात ‘सुकलं’. खरं तर ते जिरलेलं असतं.

ज्याला दर वर्षी हीटसिंक उघडून बघायची तयारी नाही, त्याने हे लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

चकचकीत_निकेल
तापमापी, रसायन बरोबर सांगितलंत, निष्कर्ष मात्र पटला नाही. तुमचं सगळं वर्णन उघड्या तांब्याचं आहे. निकेलचा मुलामा असेल तर गॅलियम आत जवळजवळ शिरतच नाही, वरवर डाग पडतो इतकंच. प्रोसेसरच्या चिपवर जे धातूचं झाकण असतं त्यावर निकेल असतंच, बऱ्याच चांगल्या कूलरच्या तळावरही असतं. दोन्ही बाजूंना निकेल किंवा सिलिकॉन (म्हणजे उघडी चिप) असेल तर तो थर वर्षानुवर्षं द्रवच राहतो.

प्लेस्टेशन ५ बघा. २०२० पासून प्रत्येक यंत्रात लिक्विड मेटल आहे आणि ते दर वर्षी उघडावं लागत नाही. त्या तयारीला दोन वर्षांहून जास्त काळ दिल्याचं सोनीने स्वतः सांगितलं आहे. असुसनेही २०२० पर्यंत आरओजी या गेमिंग लॅपटॉपांवर ते कारखान्यातच लावायला घेतलं होतं. दोष पदार्थाचा नाही, लावण्याचा आहे.

उघड्या तांब्यावरही इलाज आहे. पहिला हात द्या, काही आठवडे रोजच्या वापरात तापू द्या, मग उघडून दुसरा हात द्या. वरचा थर एकदा भरला की जिरण्याचा वेग खूप कमी होतो. लोक पहिल्या हातावरच थांबतात आणि मग तक्रार करतात.

दुरुस्ती_टेबल
कारखान्याचं उदाहरण घरच्या कामाला लावू नका. तिथे चिपभोवती स्पंजाची किंवा रबरी चौकट असते, मात्रा यंत्र मोजतं, दाब प्रत्येक नगात सारखा येतो. घरी चौकट नसते आणि सिरिंज हातात असते. तरीही करायचंच असेल तर या क्रमाने करा:

१. तळ कशाचा आहे ते आधी नक्की करा. ॲल्युमिनियम असेल तर विषय संपला. गॅलियम त्याची ऑक्साइडची साय भेदून कणांच्या सीमांमध्ये घुसतं आणि धातू बोटांनी चुरडण्याइतका ठिसूळ होतो. स्वस्त कूलरमध्ये तांब्याच्या नळ्या थेट चिपला टेकतात, पण दोन नळ्यांमधली पट्टी ॲल्युमिनियमची असते. फसगत तिथेच होते.

२. चिपभोवतीचे कपॅसिटर (बारीक विद्युत भाग) झाका. पारदर्शक नेलपॉलिशचे दोन पातळ हात द्या, पूर्ण वाळू द्या, वर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीज न वाहणारी) लावा. हा द्रव वीज वाहतो. एक मणी कपॅसिटरवर घरंगळला तर बोर्ड जातो.

३. दोन्ही पृष्ठभाग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तेलकटपणा राहिला तर द्रव पसरत नाही, पाऱ्यासारखा गोळा होऊन पळतो.

४. २ चौरस सेंटिमीटरच्या चिपला बाजरीच्या दाण्याएवढा थेंब पुरतो, म्हणजे सुमारे ०.००८ मिलिलीटर. १ ग्रॅमच्या सिरिंजमध्ये साधारण ०.१५ मिलिलीटर माल असतो, तो एकाच चिपवर रिकामा करू नका. कापसाच्या काडीने दाबून घासत राहा. आरशासारखा पातळ थर चढला की थांबा. हीटसिंकच्या बाजूलाही चिपएवढ्याच चौकोनात तसाच थर हवा. एका बाजूला चढवून दुसरी कोरडी ठेवली तर मध्ये हवा अडकते.

जास्त लावलेलं गळतं, कमी लावलेलं लवकर जिरतं. आयुष्याचे निम्मे प्रश्न या चौथ्या पायरीवर ठरतात.

पावमिलिमीटर
आयुष्यावर बोलताय, पण फायदा किती ते कुणी मांडलंच नाही. हिशोब करू. उष्णता १५० वॅट, उघडी चिप २ चौरस सेंटिमीटर. साध्या पेस्टचा थर ५० मायक्रॉन, उष्णतेची वाहकता ५ वॅट प्रति मीटर-केल्विन धरली, तर त्या थरात ७.५ अंश खर्च होतात, म्हणजे चिप हीटसिंकपेक्षा तेवढी जास्त गरम राहते. लिक्विड मेटलचा थर ३० मायक्रॉन आणि वाहकता २० धरली, तर १ अंशाच्या आसपास. (डब्यावर ७३ लिहिलेलं असतं. गॅलिन्स्टनची मोजलेली वाहकता १६.५ च्या आसपास आहे, म्हणून मी २० च्या पुढे जात नाही.)

आता हेच झाकणावर लावा. क्षेत्रफळ ९ चौरस सेंटिमीटर झालं की पेस्टमध्येच जेमतेम १.७ अंश जातात, मग वाचणार काय? दीड अंशासाठी बोर्ड धोक्यात घालायचा, वर झाकणावरची अक्षरं डागाळून वॉरंटीचा वाद ओढवून घ्यायचा. डेस्कटॉपवर झाकणाच्या वर लिक्विड मेटल लावण्यात मला काहीच अर्थ दिसत नाही. उघडी चिप किंवा लॅपटॉप असेल तरच बोला.

मे_महिना
लॅपटॉपसाठी हनीवेलचा पीटीएम७९५० हा तापल्यावर मऊ होणारा पॅड का नको? ४५ अंशांना मऊ होतो, दोन-चार वेळा तापून थंड झाला की पातळ थरात बसतो. वाहकता ८.५ च्या आसपास, म्हणजे वरच्या हिशोबात २५ मायक्रॉनला २.२ अंश. लिक्विड मेटलपेक्षा फरक एका अंशाचा. वीज वाहत नाही, तांब्यात जिरत नाही, चिप तापून-थंडावून प्रसरण-आकुंचन पावते तेव्हा कडेने बाहेरही ढकलला जात नाही. अकोला-नागपुरात मे महिन्यात खोलीच चाळिशीपार असते, तिथे एका अंशाने काही बदलत नाही. धूळ काढली तर जास्त फरक पडेल.

चकचकीत_निकेल
मे_महिना, लॅपटॉपला पीटीएम, हे मान्य. झाकणाबद्दल पावमिलिमीटर यांचा हिशोबही खोडता येत नाही. पण झाकण काढून थेट चिपवर पाण्याचा ब्लॉक (आतून पाणी खेळवून थंड ठेवणारा ठोकळा) बसवणाऱ्याची गोष्ट वेगळी. २५० वॅट छोट्या चिपमधून काढायचे असतील तर तोच एक अंश तीन-चार अंश होतो. ब्लॉक निकेलचा घ्या, ‘कायमचं’ हा शब्द मी तिथे तरी सोडणार नाही.

तापमापी
निकेलला सुई-टोकाची छिद्रं किंवा ओरखडे असतात आणि गॅलियम तिथूनच खाली तांब्यापर्यंत पोचतं, म्हणून ‘कायमचं’ मला तिथेही मान्य नाही. शिवाय हवेशी लागलेल्या कडेवर ऑक्साइडची साय धरते, किनारपट्टीच्या दमट हवेत जास्तच. पण ‘दर वर्षी उघडा’ हे माझं वाक्य मी मागे घेतो. विनाकारण उघडल्याने चांगला बसलेला थर तुटतो. त्याऐवजी लावल्याच्या दिवशी ठरावीक लोडवर २० मिनिटांनी प्रत्येक कोअरचं तापमान आणि खोलीचं तापमान लिहून ठेवा. दर तीन महिन्यांनी तीच चाचणी करा. खोलीचं तापमान वजा करून फरक ५ अंशांनी वाढला, किंवा एकच कोअर वेगळा पडला, तरच उघडा.

दुरुस्ती_टेबल
उघडताना मशीन आधी दहा मिनिटं तापवा. थर घट्ट झाला असेल तर हीटसिंक सरळ वर ओढू नका, चिपचा कोपरा उडतो. स्क्रू क्रमाक्रमाने सैल करून हलकासा आडवा पीळ द्या. द्रव उरला असेल तो रिकाम्या सिरिंजने ओढून घ्या. हीटसिंकवरचे खरखरीत उंचवटे काचेवर २००० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून, पाणी लावून घासा. राखाडी डाग राहिला तरी चालतो, त्याने उष्णता अडत नाही. चिपवर पॉलिश पेपर लावायचा नाही. आणि घासणं बोर्डापासून दूर, दुसऱ्या टेबलावर करा, कारण ती भुकटीही वीज वाहते.