'सिग्नेचर स्टाइल'ला मराठीत काय म्हणावं?

कृष्णाकाठची
सांगलीतल्या एका चित्रकाराच्या प्रदर्शनाचं माहितीपत्रक इंग्रजीतून मराठीत करतेय. गाडी अडली ती 'सिग्नेचर स्टाइल'वर. 2019 च्या पुरात आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा यांचा कागदांचा गठ्ठा घरातच बुडाला. वाळल्यावर बघतात तर प्रत्येक कागदावर गाळाची आडवी तपकिरी रेघ. फेकून देणार होते, पण एकावर सहज रंग लावून पाहिला आणि मग त्या रेघेच्या वरखालीच काम करत गेले. आता टबात गाळाचं पाणी कालवून कागद रात्रभर उभा ठेवतात आणि रेघ मुद्दाम उमटवतात. लांबून पाहिलं तरी चित्र त्यांचंच म्हणून कळतं. मी 'स्वाक्षरी शैली' लिहिलं, तर म्हणाले, "ताई, सही मी खाली कोपऱ्यात करतो."

शुद्धोदक
बरोबर बोलले. 'स्वाक्षरी शैली' म्हणजे इंग्रजीला नेसवलेलं लुगडं. आपल्याकडे मुद्रा आहे. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे' ही नाममुद्राच. 'मुद्रांकित शैली' लिहा.

हळदपोतं
मुद्रांकित म्हटलं की स्टँप पेपर आठवतो राव. चित्र घ्यायचंय का दस्त करायचाय?

तंबोरा
मी मिरजेचा, म्हणून मला 'लकब' सुचतं. समेवर यायची ज्याची त्याची लकब असते. शब्द मूळ अरबी, तिकडे अर्थ उपाधी, किताब. म्हणजे माणूस ज्यावरून ओळखायचा ते. याहून जवळचं काय मिळणार?

शुद्धोदक
अरबस्तानात कशाला जायचं? शीलावरून शैली. जसं शील तशी शैली. नुसतं 'शैली' पुरे.

हळदपोतं
आणि त्यांचं 'स्टाइल' लॅटिनमधल्या लेखणीवरून, मेणाच्या पाटीवर टोचून लिहायची ती. चित्रकाराला शीलापेक्षा हत्यार जवळचं, काका.

औंधची लेक
लकब नको. लकब नकलाकारही उचलतो. आम्ही लहानपणी औंधच्या भवानी संग्रहालयात जायचो. ड्रॉइंगचे सर चित्राखालची पाटी तळव्याने झाकायचे आणि म्हणायचे, "हात ओळखा." रविवर्म्याचा हात पदराच्या चुण्यांवरून आम्ही पोरीसुद्धा ओळखायचो. 'हात' हा शब्द घ्या, सगळ्यांना कळतो.

हळदपोतं
हात ठीक, पण चित्रकार गायतोंड्यांचं काय करता? ब्रश बाजूला ठेवून रोलर आणि पॅलेट नाइफ. रोलरला कसला हात दिसणार? तरी चित्र ओळखू येतंच. तैयब मेहतांनी 1969 च्या सुमारास कॅनव्हास रंगाच्या तिरक्या पट्ट्याने चिरला, तो तर मांडणीचा भाग. आणि रझा 1950 ला पॅरिसला गेले. बिंदू चित्राच्या मधोमध ठाण मांडून बसला तो त्यानंतर तीसेक वर्षांनी. तोवरचं काम काय बिनहाताचं?

औंधची लेक
बिनहाताचं नाही, पण बिंदूवरून ओळखणं आणि रंगावरून ओळखणं वेगळं. बिंदू कुणीही काढेल.

कृष्णाकाठची
रेघही कुणी काढेल. आणि खरं सांगू, गेल्या वर्षापासून गिऱ्हाईक "रेघेचं आहे का?" असंच विचारतं. बिनरेघेचं चित्र पडून राहतं. ते वैतागलेत, तरी टब रोज भरतात. ही शैली का सवय, मलाच कळेना.

तंबोरा
ताई, हे मी वाद्यांत बघतो. सतारीची घोडी, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, घासून जवारी, म्हणजे स्वराची गुंजणारी झार, काढतात. कुणाला खुली लागते, कुणाला बंद. जुना कारागीर डोळे मिटून सांगेल सतार कुणाची. पण वाजवून वाजवून तारेने घोडीला खाचा पडतात आणि आवाज बसतो. मग पुन्हा घासायची. जो घासून घेत नाही त्याची नुसती लकब उरते. माझा शब्द मीच मागे घेतला बघा. 'या चित्रकाराची जवारी' लिहून टाका!

शुद्धोदक
ही उपमा झाली, प्रतिशब्द नव्हे. पण जवारी म्हणजे 'जीव आणणारी' असणार, हे मात्र पटतं.

तंबोरा
तारेखालच्या दोऱ्याला जीव म्हणणारे आहेत खरे. तेवढ्यावर व्युत्पत्ती टांगायची?

हळदपोतं
आमच्याकडे जवारी म्हणजे कोंबडी. जवारी मिरची, जवारी टोमॅटो. 'चित्रकाराची जवारी' वाचून लोक रस्सा मागतील.

कृष्णाकाठची
पत्रक सोमवारी छापायला जातंय हो. हात की शैली, एवढं सांगा.

शुद्धोदक
हा कोंबडीचा जवारी कानडीतून आला, वाद्याचा वेगळा. दोन्ही एक धरू नका.

औंधची लेक
आमच्याकडे कोंबडीला गावठीच म्हणतात. जवारी म्हणायला कुठून सुरुवात होते?

हळदपोतं
मिरज ओलांडलं की.

तंबोरा
मिरजेतच म्हणतात. ओलांडायला कशाला लागतंय?