पजेरो की प्राडो? दोन जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांमधून निवड

आडवाट (प्रश्न)

नमस्कार. गेले काही महिने मी लो गिअर (चाके सावकाश पण जास्त जोराने फिरवणारा जादा गिअर) असलेली, खऱ्या अर्थाने फोर-व्हील ड्राइव्ह म्हणता येईल अशी जुनी एसयूव्ही शोधत आहे आणि माझा शोध आता दोन गाड्यांवर येऊन थांबला आहे. पहिली आहे २००४ सालची मित्सुबिशी पजेरो. तिचे इंजिन ३.२ लिटर डिझेल असून गिअरबॉक्स ऑटोमॅटिक आहे. ती १,८५,००० कि.मी. चालली आहे आणि पहिल्या दिवसापासून एकाच मालकाकडे आहे. दुसरी आहे २००६ सालची टोयोटा लँड क्रूझर प्राडो, म्हणजे १२० मालिकेतली. तिला ३ लिटरचे डिझेल इंजिन आणि मॅन्युअल गिअरबॉक्स आहे, ती २,४०,००० कि.मी. चालली आहे आणि तिचे आजवर तीन मालक झाले आहेत. दोन्हींची मागितलेली किंमत जवळजवळ सारखीच आहे, त्यामुळे पैशांवरून निवड करण्याचा प्रश्न येत नाही. पजेरोच्या मालकाने सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या जपून ठेवल्या आहेत, तर प्राडोच्या कागदपत्रांत मधल्या चार वर्षांचा काहीच पत्ता लागत नाही.

माझा बहुतेक प्रवास डांबरी रस्त्यावर आणि घरातल्या पाच माणसांसह होतो. मात्र महिन्यातून दोन-तीनदा मला दगडगोट्यांचा, पावसाळ्यात चिखल होणारा एक चढ चढावा लागतो आणि वाटेत एक ओढाही ओलांडावा लागतो. खरे सांगायचे तर केवळ नावामुळे माझे मन प्राडोकडे झुकते आहे. ते योग्य आहे का? शिवाय या दोन्ही गाड्यांच्या फोर-व्हील ड्राइव्ह यंत्रणेत नेमका काय फरक आहे आणि ओल्या डांबरावर चारही चाकांना ताकद देऊन गाडी चालवली तर काही बिघडते का, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

दातेरी चक्र

आपला शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याच्या उत्तरात बाकीच्या बऱ्याच गोष्टी आपोआप येतात. साध्या पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरतीच चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत फोर-व्हील ड्राइव्ह लावताच पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांशी घट्ट जोडले जातात. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळातून फिरतात, म्हणजे त्यांना तेवढ्याच वेळात जास्त अंतर कापायचे असते. दोन्ही ॲक्सल जखडलेले असल्यामुळे हा फरक भरून निघायला वाव राहत नाही. चिखलात टायर किंचित घसरून तो ताण सोडून देतात, पण कोरड्या डांबरावर तो ट्रान्सफर केसमध्ये (ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलकडे पाठवणाऱ्या पेटीत) आणि शाफ्टमध्ये साठत जातो, स्टिअरिंग जड होते आणि अखेरीस कुठला तरी भाग तुटतो. आपण निवडलेल्या दोन्ही गाड्यांत मात्र पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शियल आहे, म्हणजे दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दातेरी चक्रांची जोडणी. त्यामुळे ते लॉक केलेले नसेल तोवर कोरड्या किंवा ओल्या डांबरावर चारही चाकांवर गाडी चालवायला काहीच हरकत नाही.

फरक आहे तो यापुढचा. प्राडोची चारही चाके कायम ताकद घेतात. तिच्या मधल्या डिफरन्शियलचा प्रकार टॉर्सन आहे, म्हणजे एका ॲक्सलची पकड सुटू लागली की ते स्वतःहून दुसऱ्याकडे जास्त जोर वळवते, आणि गरज पडल्यास ते लॉकही करता येते. पजेरोच्या सुपर सिलेक्ट यंत्रणेत चार पर्याय मिळतात: फक्त मागची चाके, चारही चाके, मधले डिफरन्शियल लॉक करून चारही चाके, आणि लॉकसह लो गिअर. पहिल्या दोन पर्यायांमध्ये चालत्या गाडीत, ताशी १०० कि.मी.पर्यंतच्या वेगात अदलाबदल करता येते. लो गिअरसाठी मात्र गाडी थांबवून न्यूट्रलमध्ये आणावी लागते. कोरड्या महामार्गावर पुढचा ॲक्सल मोकळा ठेवता येणे ही सोय मला व्यक्तिशः फार आवडते, कारण त्यामुळे पुढच्या भागांची झीजही थोडी वाचते.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. मधले डिफरन्शियल लॉक केले म्हणजे गाडी कुठेही अडणार नाही, असे नाही. पुढचे एक आणि मागचे एक चाक हवेत लटकले, तर सगळी ताकद त्या दोन चाकांनाच गरागरा फिरवण्यात वाया जाते. दोन्ही मॉडेलांच्या काही गाड्यांत यासाठी मागच्या ॲक्सलला वेगळे लॉक असते, तर काहींत नसते. आपण पाहिलेल्या गाड्यांत ते बटण आहे का, हे तपासून घ्यावे.

ग्रीसचे हात

जुनी गाडी घेणाऱ्याने मॉडेलची तुलना एका मर्यादेपर्यंतच करावी, कारण वीस वर्षे वापरल्यानंतर एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत जेवढा फरक पडतो तेवढा दोन मॉडेलांत राहत नाही. अर्थात कोणत्या गाडीत कुठे पाहायचे, हे मॉडेलवरूनच ठरते.

प्राडोच्या या डिझेल इंजिनाला टायमिंग बेल्ट (आतल्या भागांची हालचाल जुळवणारा पट्टा) आहे आणि तो दीड लाख कि.मी.ला बदलायचा असतो. आपली गाडी २,४०,००० कि.मी. चालली आहे, म्हणजे तो एकदा बदललेला असलाच पाहिजे, आणि तो बदलल्याची पावती नेमकी त्या कोऱ्या चार वर्षांतच हरवली असेल, तर तो बदललेलाच नाही असे धरून चालावे. दुसरी गोष्ट इंजेक्टरच्या बुडाशी असलेल्या तांब्याच्या सीलची. ती झिजली की ज्वलनाचे वायू वर निसटतात, काजळी ऑइलमध्ये उतरते, आणि कालांतराने ऑइल पंपाला ऑइल पुरवणारी, चेंबरमधली (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यातली) जाळी बुजते. मग इंजिनाला ऑइल मिळेनासे होते. म्हणून रात्रभर थंड झालेली गाडी सुरू करून ती धूर सोडते का, थडथडते का, हे पाहावे आणि शक्य असल्यास चेंबर उतरवून ती जाळी डोळ्यांनी पाहावी. त्याला विकणारा सहसा राजी होत नाही, हेही खरे.

पजेरोच्या इंजिनात बेल्टऐवजी चेन आहे, म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण चेनही ताणली जाते आणि तिचे गाइड व टेन्शनर झिजतात. थंड इंजिन सुरू करताच पहिल्या काही क्षणांत पुढच्या बाजूने खडखडाट ऐकू आला, तर त्याकडे दुर्लक्ष करू नये. दाखवायला आणलेली गाडी आधीच गरम केलेली असेल, तर मी ती त्या दिवशी तपासतच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, बॉनेटवर हात ठेवून ते गार असल्याची खात्री करूनच किल्ली फिरवतो.

आता मुख्य मुद्दा. जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांत सर्वांत जास्त बिघडलेली गोष्ट असते ती फोर-व्हील ड्राइव्हच. बहुतेक मालक ते लावण्याचा लिव्हर वर्षानुवर्षे हलवतच नाहीत, त्यामुळे आतले काटे आणि मोटरी जागच्या जागी धरून बसतात. मी स्वतः एकदा एक गाडी वरवर पाहून घेतली होती. पहिल्याच चिखलात लो गिअरची गरज पडली, तेव्हा लिव्हर तसूभरही हलला नाही आणि शेवटी ट्रॅक्टर बोलवावा लागला. आपण ही चाचणी मोकळ्या मैदानात, गवतावर किंवा मातीवर करावी. पजेरोच्या डॅशबोर्डवर चार चाकांचे चित्र असते. फोर-व्हील लावल्यावर त्यातले पुढचे दिवे लुकलुकत राहिले तर बदल पूर्ण झालेला नाही असे समजावे. पुष्कळदा दोष पुढचा ॲक्सल जोडणाऱ्या व्हॅक्यूमच्या नळीचा किंवा व्हॉल्व्हचा असतो. हे काम किरकोळ आहे, पण ते कळलेले असले पाहिजे. प्राडोत लॉकचा दिवा लागतो आणि सुटतो का, तसेच लो गिअर आवाज न करता पडतो का, हे पाहावे.

त्यानंतर गाडी वर उचलून ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलमधले ऑइल थोडेसे काढून पाहावे. दुधाळ रंग दिसला तर आत पाणी गेले आहे. आपल्याला ओढा ओलांडायचा आहे म्हणून सांगतो: तापलेला ॲक्सल थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदरची (ॲक्सलमध्ये हवा ये-जा करू देणारी) नळी बुजलेली किंवा तुटलेली असेल तर ती जागा पाणी घेते.

टायर पाहताना नक्षीच्या खोलीवर थांबू नये. बाजूला कोरलेले शेवटचे चार आकडे वाचावेत. २२१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या बाविसाव्या आठवड्यातला असतो. पुढे एका मापाचे आणि मागे वेगळ्या मापाचे किंवा खूप झिजलेले टायर असतील, तर मधले डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहिलेले असते आणि त्याचे आयुष्य तेवढे कमी झालेले असते.

गंजाबद्दल थोडक्यात: प्राडोची बॉडी स्वतंत्र चॅसिसवर बसवलेली आहे, तेव्हा मागच्या ॲक्सलवर चॅसिस जिथे कमान घेते तिथे हातोडीने हलके ठोकून पाहावे. टणक आवाज यायला हवा. पजेरोत चॅसिस बॉडीतच सामावलेली असल्यामुळे दारांखालच्या पट्ट्या आणि मागच्या चाकांवरच्या कमानी पाहाव्यात. खालून नुकताच काळा रंग मारलेला दिसला, तर मला गंजापेक्षाही त्या रंगाची जास्त भीती वाटते.

चढणवेडा

वरच्या दोघांशी मी बहुतांशी सहमत आहे, तरीही प्राडोची बाजू कोणी तरी मांडायला हवी. आपल्या चढावर खरे काम पडणार आहे ते लो गिअरचे. प्राडोचा लो गिअर २.५६६ पट आहे आणि पजेरोचा १.९ पट. म्हणजे प्राडो त्याच गिअरमध्ये कितीतरी सावकाश आणि जास्त जोराने चढते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे उतारावर ब्रेकला फारसा हात न लावता इंजिनाच्या अवरोधावर उतरते. ऑटोमॅटिकचा टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी असलेला, इंजिनाचा जोर वाढवून देणारा भाग) चढताना पजेरोची उणीव बरीच भरून काढतो, पण उतारावर त्याचा उपयोग नाही.

दुसरा फरक मागच्या चाकांचा. प्राडोला मागे अखंड ॲक्सल आहे, त्यामुळे पाच माणसे आणि सामान भरले तरी मागच्या डिफरन्शियलची जमिनीपासूनची उंची तेवढीच राहते. पजेरोची चारही चाके स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत. खराब रस्त्यावर वेगाने जाताना तिच्या प्रवाशांची हाडे कमी खिळखिळी होतात हे मान्यच आहे, पण भरलेली गाडी खाली बसली की तिचे पोटही खाली बसते.

पजेरोने १९८५ ते २००७ या काळात डकार शर्यत १२ वेळा जिंकली, हा दाखला आता कोणी तरी देईलच. त्या शर्यतीत नंतरच्या काळात धावलेल्या गाड्यांचा आणि दुकानात मिळणाऱ्या गाडीचा संबंध नावापुरताच होता. शिवाय पजेरोचे उत्पादन २०२१ मध्ये थांबले आहे, तेव्हा पुढच्या दहा वर्षांत सुटे भाग कसे मिळतील याचाही विचार करावा.

आडवाट

सर्वांचे मनापासून आभार. या आठवड्यात दोन्ही गाड्या सकाळी थंड असताना पाहिल्या आणि ओळखीच्या मेकॅनिककडून वर उचलून तपासून घेतल्या.

प्राडो सुरू झाली ती कुरबूर न करता, धूरही दिसला नाही. लो गिअर आणि लॉक दोन्ही चालतात. मात्र बेल्ट बदलल्याचा कुठलाच पुरावा नाही, पुढचे दोन टायर मागच्यांपेक्षा सहा वर्षांनी जुने आहेत आणि मागच्या कमानीवर ताजा काळा रंग आहे. तो थोडासा खरवडून पाहू का, असे विचारताच मालकांचा स्वर बदलला आणि त्यांनी नकार दिला.

पजेरोचा आवाज सुरू होताना स्वच्छ होता. तिन्ही ठिकाणचे ऑइल काळे होते, पण दुधाळ नव्हते. फोर-व्हील लावल्यावर पुढचे दोन दिवे बराच वेळ लुकलुकले आणि गाडी थोडी मागे-पुढे केल्यावर स्थिर झाले. मेकॅनिकला एका व्हॅक्यूम नळीला चीर दिसली. मागच्या ॲक्सलला वेगळे लॉक नाही. मालकांनी अगदी मोकळेपणाने सांगितले की गेल्या सहा वर्षांत त्यांनी लो गिअर एकदाही लावलेला नाही.

उतारावरच्या गिअरचा मुद्दा मला पटला आहे, पण आता कल पजेरोकडे आहे. तिच्यावर सर्वांत आधी कोणते काम करून घ्यावे?

ग्रीसचे हात

नळी बदलल्यावर दिवे लगेच स्थिर होतात का, हे पैसे देण्यापूर्वीच पाहा. म्हणजे दोष नळीतच होता की व्हॉल्व्हमध्येही आहे, ते कळेल आणि त्याप्रमाणे किंमत बोलता येईल. गाडी ताब्यात आल्यावर इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियल यांचे ऑइल एकाच वेळी बदलून घ्या, ब्रीदरच्या नळ्या साफ करून घ्या, आणि ओढ्याकडे जाण्यापूर्वी मातीवर पाच-सहा वेळा लो गिअर लावून सोडवा. पहिल्या एक-दोन वेळेस तो अडला तर लिव्हरवर जोर करू नका. गाडी किंचित पुढे सरकवून पुन्हा प्रयत्न करा.

चढणवेडा

रंग खरवडू न देणाऱ्याची प्राडो मीही घेतली नसती. पजेरोच्या उतारावर मात्र लो गिअरसोबत गिअरचा लिव्हर पहिल्यावर हाताने आणून ठेवा आणि उतार सुरू होण्याआधीच आणा, मध्यावर नव्हे.