स्टॅफ गुलाबी दिसतोय, ग्राम स्टेनिंगमध्ये कुठे चुकतंय?

एसवाय_मायक्रो: काल प्रॅक्टिकलला जिवाणू रंगवून बघायचे होते, स्टॅफिलोकॉकस ऑरियस (स्टॅफ) होता. द्राक्षाच्या घडासारखे झुबके व्यवस्थित दिसले, पण रंग जांभळ्याऐवजी गुलाबी! मॅडम म्हणाल्या परत कर. परत केलं तर अर्धे जांभळे, अर्धे गुलाबी. क्रिस्टल व्हायोलेट (जांभळा रंग) १ मिनिट, आयोडीन १ मिनिट, अल्कोहोल अर्धा मिनिट, सॅफ्रॅनिन (गुलाबी रंग) १ मिनिट. कल्चर (वाढवलेले जिवाणू) शुक्रवारचं, स्टेन केलं सोमवारी. पुढच्या आठवड्यात परीक्षा आहे, कुणीतरी सांगा.

पेट्रीप्लेट: आयोडीन जुनं असेल. रंग फिका पडलाय का बघ.

लॅबकाका: आयोडीन बघच, पण अल्कोहोल अर्धा मिनिट? अगं, तिथेच घोळ आहे. घड्याळाकडे बघू नकोस, स्लाइडकडे बघ. तिरकी धरून थेंब थेंब सोड आणि खाली ओघळणारा जांभळा रंग थांबला की लगेच नळाखाली धर. पातळ स्मिअरला, म्हणजे स्लाइडवर पसरलेल्या थराला, ५ ते १० सेकंद पुरतात.

आयोडीनमुळे व्हायोलेटचे मोठे गठ्ठे होतात. ग्राम पॉझिटिव्हची, म्हणजे स्टॅफसारख्या जांभळ्या राहणाऱ्या जिवाणूंची, पेप्टिडोग्लायकनची भिंत जाड असते, अल्कोहोलने ती आकसते आणि गठ्ठे आत अडकतात. पण धूत बसलीस तर तेही सुटतात. त्यात तुझं कल्चर तीन दिवसांचं. म्हाताऱ्या पेशींची भिंत रंग धरत नाही. १८ ते २४ तासांचं घे. आणि एकाच स्लाइडवर तीन ठिपके दे: एका कडेला खात्रीचा स्टॅफ, दुसऱ्या कडेला ई. कोलाय (ग्राम निगेटिव्ह, गुलाबीच दिसणारा), मध्ये तुझा नमुना. कडेचा स्टॅफ गुलाबी झाला तर दोष तुझ्या हाताचा.

मी नवीन असताना पूची स्लाइड अशीच धुऊन काढली आणि 'ग्राम निगेटिव्ह' लिहून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी प्लेटवर सोनेरी कॉलनी! सर काही बोलले नाहीत, फक्त माझा रिपोर्ट समोर ठेवला. तेव्हापासून हे तीन ठिपके.

एसवाय_मायक्रो: काका, मग टीबीच्या स्टेनला २०% सल्फ्युरिक ॲसिड ओततो, तरी रंग कसा टिकतो?

लॅबकाका: तिथे मायकोलिक ॲसिडचं मेणचट आवरण असतं. म्हणून तर कार्बोल फ्युक्सिन हा लाल रंग वाफ येईपर्यंत तापवायचं, उकळू मात्र द्यायचं नाही. एकदा आत गेलेला रंग मग ॲसिडलाही दाद देत नाही.

एसवाय_मायक्रो: आज कालचं ताजं कल्चर, अल्कोहोल ७ सेकंद. स्टॅफ जांभळा, कोलाय गुलाबी! बोटंही जांभळी झालीत.

लॅबकाका: स्पिरिटचा बोळा फिरव. ॲप्रनवरचा डाग मात्र विसर.